ओळख आणि पोच

राज्यकारभाराविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे आपण बहुधा मंत्रिमंडळें, निवडणुका आणि अर्थसंकल्प अशा थोर विषयांकडे वळतों. मी आज त्या उंचीवर जाणार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें कचेरीच्या खिडकीविषयीं आणि त्या खिडकींतून वारंवार ऐकूं येणाऱ्या दोन शब्दांविषयीं. ते शब्द म्हणजे ‘उद्यां या’. सामान्य नागरिकाला शासन म्हणून जें कांहीं भेटतें, तें मंत्र्याच्या रूपानें क्वचित् भेटतें. दाखला देणारा कारकून, फेरफाराची नोंद घेणारा तलाठी, नळाचें पाणी सोडणारा मनुष्य, विजेच्या तारा जोडणारा तंत्रज्ञ यांच्या रूपानें तें त्याला भेटत असतें. या माणसांनीं आपल्याला कसें वागविलें, यावरूनच तो राज्य बरें कीं वाईट हें ठरवितो. आणि माझ्या मतें तो बरोबरच करितो.

आपल्या भाषेंत या विषयावर म्हणींचा तुटवडा नाहीं. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण लहान मुलालाही पाठ असते. ‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही तिची थोरली बहीण. या म्हणींनीं आपलें जेवढें सांत्वन केलें, तेवढेंच नुकसानही केलें आहे. ज्या गोष्टीची म्हण झाली, ती गोष्ट पावसापाण्यासारखी दैवाधीन वाटूं लागते. कचेरींतील विलंब हा माणसांनीं केलेला असतो, माणसांना तो टाळतां येतो, आणि तो टाळण्याचे कायदेही माणसांनींच केलेले आहेत, हें मग आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

अकोला जिल्ह्यांतील आमचें बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें इ. स. १७५७ मध्यें पुरा केलेला किल्ला तेथें अजून उभा आहे. मिर्झाराजे जयसिंगाच्या नांवानें ओळखली जाणारी छत्रीही नदीकांठीं आहे. या गांवानें मोंगलांची सुभेदारी पाहिली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल पाहिला. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, १९०३ सालीं तें मध्यप्रांताला जोडलें गेलें, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. इतके धनी बदलले. पण रयतेनें कचेरीपुढें उभें राहण्याची रीत मात्र फारशी बदलली नाहीं. हात जोडावयाचे, मान किंचित् लववावयाची, आणि ‘साहेब, एवढें काम करून द्या’ म्हणावयाचें.

ही रीत आपल्या शब्दांतही मुरलेली आहे. दप्तर, तहसील, नक्कल, दाखला हे सारे शब्द अरबी-फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आले आणि आतां ते अस्सल मराठीच झाले आहेत. त्यांविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु ‘अर्ज’ या शब्दांतच विनवणीचा भाव आहे. अर्जाच्या माथ्यावर आजही कित्येक लोक ‘मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशीं’ असें लिहितात आणि शेवटीं ‘कृपा व्हावी’ अशी अपेक्षा करितात. जो दाखला मिळणें हा आपला कायदेशीर हक्क आहे, तो आपण मेहेरबानी म्हणून मागतों. मेहेरबानी करावयाची कीं नाहीं, केव्हां करावयाची आणि कोणावर करावयाची, हें अर्थात् देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. ‘उद्यां या’ या दोन शब्दांचा उगम येथें आहे.

या दोन शब्दांची किंमत किती, हें पाहूं या. निंबा किंवा हातरुण अशा एखाद्या खेड्यांतील शेतमजूर बाई तालुक्याच्या गांवीं यावयाची म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. एस. टी. चें भाडें वेगळें. तिच्या बरोबर लिहितां-वाचतां येणारा मुलगा आला तर त्याची शाळा बुडते. हंगाम कपाशीच्या वेचणीचा असेल तर नुकसान आणखी वाढतें. म्हणजे ‘उद्यां या’ म्हणणाऱ्याचा एक क्षण खर्च होतो आणि ऐकणाऱ्याचा एक दिवस. असे चार हेलपाटे झाले कीं दाखल्याच्या सरकारी शुल्काच्या कित्येक पट रक्कम तिनें आधींच भरलेली असते; फक्त तिची पावती तिला कोणी देत नाहीं. मग पांचव्या खेपेला ‘तुमचें काम मी करून देतों, इतके पडतील’ असें म्हणणारा मनुष्य दारांत भेटला, तर तो तिला चोर वाटत नाहीं, उपकारकर्ता वाटतो. लांचलुचपतीचें झाड विलंबाच्या मातींतच वाढतें, हें आपण ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थ्याची गोष्ट घ्या. बारावीचा निकाल लागला कीं जून-जुलै महिन्यांत घराघरांत कागदांची धांवपळ सुरू होते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठीं घराण्याच्या वास्तव्याचा व जातीचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीं ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, आणि अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०. अठरा वर्षांच्या मुलानें आपल्या आजोबांचा, कधीं कधीं पणजोबांचा, शाळेचा दाखला शोधावयाचा. आजोबा शाळेंतच गेले नसतील तर आमच्याकडे कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. म्हणजे गांवच्या कोतवालाकडील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. ती पानें जीर्ण झालेलीं, कांहीं मोडींत लिहिलेलीं, कांहीं वाळवीनें खाल्लेलीं. दाखला मिळाला तरी पुढें त्याची पडताळणी आहेच. इकडे महाविद्यालयाची प्रवेशाची तारीख कोणासाठीं थांबत नाहीं. कचेरीच्या दृष्टीनें तो एक कागद असतो. त्या मुलाच्या दृष्टीनें तें अख्खें आयुष्य असतें. पंधरा दिवस उशिरा आलेला दाखला हा कित्येकदां न आलेल्या दाखल्यासारखाच ठरतो.

आतां कोणी म्हणेल, या दुखण्याला औषध काय? आश्चर्याची गोष्ट अशी कीं औषधें पुष्कळ आहेत आणि त्यांतील बरींचशीं महाराष्ट्रानें इतरांच्या आधीं आणलीं आहेत. प्रजेचीं गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमण्याची कल्पना स्वीडन देशानें १८०९ सालीं अमलांत आणली. जेथें कोंकणांतून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही आपलें मराठीपण जपून आहेत, त्या मॉरिशस बेटानें १९६८ सालीं स्वतंत्र होतांना आपल्या संविधानांतच या अधिकाऱ्याची तरतूद केली. आपल्या राज्यानें १९७१ सालीं लोकायुक्ताचा कायदा केला आणि १९७२ पासून तें पद प्रत्यक्ष कामास लागलें. भारतांत असा लोकायुक्त प्रथम महाराष्ट्रांतच काम करूं लागला. माहितीच्या अधिकाराचा देशव्यापी कायदा २००५ सालचा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्यापूर्वींच, म्हणजे २००२ सालीं आला होता. शासकीय कर्तव्यें पार पाडतांना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा कायदा १ जुलै २००६ पासून लागू झाला; कोणतेंही प्रकरण सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर पडून राहूं नये, असें तो सांगतो.

ठराविक मुदतींत सेवा मिळण्याची हमी देणारा कायदा प्रथम केला तो मध्यप्रदेशानें, २०१० सालीं. ज्या प्रांताशीं वऱ्हाडाचा अर्ध्या शतकाहून अधिक काळ संसार झाला, त्याच प्रांताची ही कृति आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालीं आला. या कायद्यानें तीन साध्या गोष्टी सांगितल्या. पहिली, अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेची मुदत, तिचें शुल्क आणि ती देणाऱ्या अधिकाऱ्याचें पद कचेरींत फलकावर लिहिलेलें असावें. दुसरी, अर्ज घेतल्यावर त्याची पोच द्यावी आणि त्या पोचेंत अर्जाचा क्रमांक, तारीख व मुदत नमूद करावी. तिसरी, सेवा नाकारली तर तिचें कारण लेखी द्यावें आणि अपील कोणाकडे करावें तेंही सांगावें. मुदत टळली तर पहिलें व दुसरें अपील वरिष्ठांकडे, आणि तिसरें लोकसेवा हक्क आयोगाकडे. योग्य कारणावांचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि तो सरकारी खजिन्यांतून भरावयाचा नसतो.

श्रोतेहो, या साऱ्या कायद्याचा प्राण ज्या एका शब्दांत आहे तो शब्द म्हणजे ‘पोच’. मुदतीचें घड्याळ पोच दिल्याच्या क्षणीं चालूं होतें. पोच नसेल तर अर्ज केव्हां केला हें सांगतां येत नाहीं. मुदत केव्हां संपली हें ठरत नाहीं. अपिलाला जागा उरत नाहीं. म्हणूनच, काम करावयाचें नसलेली कचेरी अर्ज फेटाळीत नाहीं. ती तो घेतच नाहीं. ‘हा कागद कमी आहे’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘आज गर्दी आहे’, आणि आमच्या काळांतील सर्वांत नवें कारण म्हणजे ‘सर्व्हर बंद आहे’. अर्ज परत हातांत मिळतो. कचेरीच्या नोंदवहींत कांहींच घडलेलें नसतें. वर्षअखेरीस अहवाल निघतो कीं आलेले बहुतेक अर्ज मुदतींत निकालीं काढले. आणि तो अहवाल खोटाही नसतो. जे अर्ज आलेच नाहींत असें ठरलें, ते त्यांत यावयाचे कसे? खिडकीवरून परतलेल्या माणसांची गणना कोणतेंही दप्तर करीत नाहीं.

येथें खिडकीच्या पलीकडे बसलेल्या मनुष्याविषयींही न्यायानें बोललें पाहिजे. एका तलाठ्याकडे, ज्याला आतां ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे आणि ज्याला आमच्या खेड्यांत अजूनही पटवारी म्हणतात, त्याच्याकडे अनेक गांवें असतात. पदें रिकामीं राहतात, एकाच माणसाकडे दोघांचा कार्यभार येतो. निवडणूक, जनगणना, पीकपाहणी, अतिवृष्टीचे पंचनामे हीं कामें त्यावर आणखी. सर्व्हर खरोखरच बंद पडतो, आणि तो कारकुनानें बंद केलेला नसतो. अशा मनुष्यावर नुसतें ओरडून कांहीं साधत नाहीं. परंतु हेंही तितकेंच खरें कीं, घेतलेल्या प्रत्येक अर्जाची पोच दिली गेली आणि तुंबलेलीं प्रकरणें कागदावर दिसूं लागलीं, तर येथें माणसें कमी आहेत हेंही त्याच कागदावर सिद्ध होईल. पोच ही नागरिकाची ढाल आहे. तशीच ती प्रामाणिक कारकुनाचीही आहे. तोंडी कारभारांत दोघांचाही पुरावा नाहींसा होतो.

कागदांच्या जंजाळाविषयीं एक अलीकडचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. जून २०२४ च्या अखेरीस राज्य सरकारनें ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना जाहीर केली आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांसाठीं राज्यभर तलाठ्यांच्या व तहसिलीच्या दारांत स्त्रियांच्या रांगा लागल्या. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत पैसे घेतल्याच्या आरोपावरून एका तलाठ्याला निलंबित करण्यांत आलें. मग अवघ्या कांहीं दिवसांत सरकारनें अटी सैल केल्या. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवास प्रमाणपत्राऐवजीं पंधरा वर्षांपूर्वींची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल, असें ठरलें. योजनेच्या गुणदोषांची चर्चा मी येथें करीत नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं जो कागद सोमवारीं अपरिहार्य होता, तो लाखों लोक एकदम मागूं लागतांच आठवड्याभरांत अनावश्यक ठरला. याचा अर्थ, जें शासनाच्या एका दप्तरांत आधींच लिहिलेलें आहे, तेंच दुसऱ्या दप्तरासाठीं नागरिकानें पुन्हां पुन्हां वाहून आणावें, ही कित्येक ठिकाणीं गरज नसून संवय आहे. प्रतिज्ञापत्राऐवजीं स्वयंघोषणा पुरेशी मानावी, असें तर सरकारनें २०१५ सालींच ठरविलें होतें. तरी खिडकीवर ‘ॲफिडेव्हिट आणा’ हें ऐकूं येतेंच.

तथापि, पोच आणि अपील यांनीं सर्व कांहीं साधेल, असा भ्रमही मला पसरवावयाचा नाहीं. दाखला ही एका माणसाची वस्तु आहे. पाणी ही गांवाची. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमीन काळी, कसदार. पण विहीर खणली तर पाणी खारें. तें पिकाला चालत नाहीं आणि माणसाच्या प्रकृतीला सोसत नाहीं. बाळापूर तालुक्यांतील अनेक गांवें याच पट्ट्यांत आहेत. गोडें पाणी दुरून, सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणासारख्या जलाशयांतून आणावें लागतें. तेथून ६९ गांवांना पाणी देण्याची योजना मंजूर झाली. पुढें तिला स्थगिती मिळाली. वानच्या लाभक्षेत्रांतील शेतकऱ्यांचें म्हणणें असें कीं धरण सिंचनासाठीं बांधलें आहे, त्याचें पाणी अन्यत्र नेलें तर आमच्या शेतांचें काय? दोन्ही बाजूंना तहानेचा आधार आहे. एप्रिल २०२३ मध्यें बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचे टँकर बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरला पायीं निघाले आणि नागपूरच्या वेशीजवळ पोलिसांनीं त्यांना अडविलें. या वादांत कोणाचें राजकारण खरें, याचा निवाडा मी करणार नाहीं. परंतु ज्या गोष्टीसाठीं निवडून आलेल्या प्रतिनिधीलाही इतक्या लांबच्या वाटेवर उतरावें लागतें, ती गोष्ट एकट्या मजूर बाईच्या अर्जानें सुटणारी नव्हे, हें उघड आहे.

अशा सामुदायिक प्रश्नांसाठीं कायद्यानें दुसरी जागा दिलेली आहे. ग्रामपंचायतीचा १९५८ चा अधिनियम सांगतो कीं वर्षांतून ग्रामसभेच्या किमान चार बैठका झाल्या पाहिजेत. तेथें टांकी केव्हां धुतली, नळ किती दिवसांनीं आला, पाण्याची तपासणी झाली कीं नाहीं, हें विचारतां येतें आणि इतिवृत्तांत लिहून घेतां येतें. इतिवृत्त ही सबंध गांवाला मिळालेली पोचच होय. ग्रामसभेला माणसें नसतात, कोरमअभावीं ती तहकूब होते, आणि मग ‘आम्हांला कोणी विचारलेंच नाहीं’ म्हणून आपण वर्षभर हळहळतों. शहरांतील वस्त्यांची स्थिति याहून निराळी नाहीं.

आतां ज्या मुद्द्यासाठीं मी हा विषय घेतला, त्याकडे येतों. हें भाषण ऐकणारीं बहुतेक कुटुंबें सुशिक्षित आहेत. त्यांना कायदा वाचतां येतो, अर्ज लिहितां येतो, कारकुनाशीं न घाबरतां बोलतां येतें. मग त्यांच्या असण्यानें कचेऱ्या सुधारल्या कां नाहींत? कारण त्यांच्याजवळ पोचेहून सोपें असें एक साधन आहे. तें म्हणजे ‘ओळख’. मामेभाऊ मंत्रालयांत, शेजाऱ्याचा जांवई जिल्हा कचेरींत, वर्गबंधु नगरपालिकेंत. एक दूरध्वनि केला कीं खिडकी उघडते, खुर्ची मिळते, चहा येतो, आणि दाखला त्याच दिवशीं हातीं पडतो. यांत लांच नाहीं, खोटेपणा नाहीं. म्हणून यांत कांहीं वावगें आहे असेंही कोणास वाटत नाहीं. उलट घरीं येऊन आपण मोठ्या समाधानानें सांगतों कीं अमक्याची ओळख फार कामाला आली.

पण या ओळखीचे दोन परिणाम होतात. एक असा कीं ओळखीच्या दहा माणसांचीं कामें आधीं झालीं, म्हणजे रांगेंतील दहा माणसें मागें गेलीं. त्यांना ‘उद्यां या’ म्हणण्याचें कारण आपणच पुरविलें. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. ज्या मनुष्याला नियम ठाऊक होता, जो ‘पोच द्या’ असें निर्भयपणें म्हणूं शकला असता, तोच रांगेंतून निघून गेला. मागें उरलीं तीं बोलूं न शकणारीं माणसें. ज्या सार्वजनिक सोयीकडे बोलक्या वर्गानें पाठ फिरविली, ती सोय हळूहळू मोडकळीस येते. नगरपालिकेच्या शाळांचें असें झालें, सरकारी दवाखान्यांचें झालें, आणि खिडकीचेंही तेंच होत आहे. सुशिक्षित कुटुंबानें विहिरीवर जाणें सोडलें कीं विहिरीचा गाळ कोणी काढीत नाहीं.

म्हणून माझें सांगणें क्रांतीचें नाहीं. फार छोटें आहे. आपलें स्वतःचें काम असेल तेव्हां ओळख बाजूस ठेवून रांगेंत उभें राहावें. अर्ज दिला कीं पोच मागावी. रागानें नव्हे, हंसतमुखानें, पण घेतल्यावांचून हालूं नये. अर्ज संगणकावरून केला असेल तर त्याचा क्रमांक जपून ठेवावा. फलकावर मुदत काय लिहिली आहे तें मोठ्यानें वाचावें, म्हणजे मागच्या चौघांनाही ऐकूं जाईल. मुदत टळली तर पहिलें अपील करावें. त्याला वकील लागत नाहीं. ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेस कोणी काय कार्यवाही केली’ एवढाच प्रश्न माहितीच्या अधिकारांत विचारला तर त्याला दहा रुपये शुल्क लागतें आणि उत्तर तीस दिवसांत देणें बंधनकारक असतें. आयोगांकडे अपिलें तुंबतात हें खरें आहे. पण बहुतेक प्रकरणें तेथवर जातच नाहींत. विचारणारा आहे एवढें कळलें कीं कागद पुष्कळदां खालींच हालूं लागतो.

आणि आपलें काम झाल्यावर आणखी पंधरा मिनिटें द्यावींत. मागें जी बाई संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज हातांत धरून उभी असेल, तिचा अर्ज वाचून पाहावा. जुलै २०२३ पासून या योजनेंत मिळणारी रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. आपल्या घरांत एवढे पैसे दूरध्वनि आणि चित्रपट यांतच जात असतील, तिच्या घरांत त्यावर महिन्याचा किराणा येतो. तिच्या अर्जांत काय उणें आहे तें तिला एकाच वेळीं, सगळें, समजावून सांगावें. ‘मेहेरबान’ हा शब्द खोडून तेथें ‘प्रति’ लिहावें आणि ‘कृपा व्हावी’ च्या जागीं ‘मुदतींत दाखला द्यावा’ असें लिहावें. तिचाही अर्ज घ्यावयास लावावा आणि पोच तिच्या पदरांत बांधून द्यावी. याला कोणतीही संस्था लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं, सभा लागत नाहीं.

लोकसत्ता ही पांच वर्षांतून एकदां बोटाला लागणारी शाई नव्हे. ती रोज सकाळीं कचेरी उघडते तेव्हां खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी असते किंवा नसते. ओळखीनें एकाचें काम होतें आणि दुसऱ्याचें अडतें. पोचेनें दोघांचेंही होतें. आपल्या घरच्या पुढच्या दाखल्याच्या वेळीं या दोहोंतून काय निवडावयाचें, एवढा एकच विचार आपण करावा, इतकीच माझी विनंति आहे.